मोतीबिंदूनंतरची ‘जाळी’ : लेसर उपचार आणि त्यानंतरचा डोळा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षे लोटलेली असतात. या काळात त्या वृद्ध व्यक्तीने पोथी वाचलेली असते, सातबाऱ्यावरील नाव स्वतः तपासलेले असते, सुईत दोराही ओवलेला असतो. मग हळूहळू दिव्याभोवती धूसर वलय दिसू लागते. उन्हात समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. अक्षरे धुक्यात बुडाल्यासारखी वाटतात. घरात निष्कर्ष निघतो, की मोतीबिंदू परत आला किंवा ऑपरेशन बिघडले. वयाकडे पाहून पुढचा निर्णयही तेथेच होतो : आता पुन्हा चिरफाड नको, आहे तेवढ्या नजरेवर भागवावे.

या निष्कर्षाला शास्त्रीय आधार नाही. काढलेला मोतीबिंदू पुन्हा येत नाही. अशा वेळी पुष्कळदा भिंगाच्या मागील आवरणाला जाळी धरलेली असते, आणि ती काही मिनिटांच्या लेसर उपचाराने, चिरा किंवा टाका न घेता, दूर करता येते. तथापि या उपचाराने डोळ्याच्या अंतर्भागात एक कायमचा बदल होतो. त्यानंतर काय अपेक्षित आहे, काय निरुपद्रवी आहे आणि कोणत्या लक्षणाकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये, हे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

भिंग आणि त्याची पिशवी

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. ते एका अतिशय पातळ, पारदर्शक पिशवीत बसवलेले असते. या पिशवीची मागील बाजू मध्यभागी मिलिमीटरच्या केवळ चार-सहस्रांश भागाइतकी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा हिस्सा भरेल एवढीच असते. वयोमानाने किंवा अन्य कारणाने भिंग गढूळ झाले, की त्यास मोतीबिंदू म्हणतात.

१९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे सर्रास होणाऱ्या शस्त्रक्रियेत भिंग पिशवीसह काढून टाकले जाई. शाळांत व धर्मशाळांत भरणाऱ्या नेत्र शिबिरांतून अशा हजारो शस्त्रक्रिया झाल्या. नंतर रुग्णाला सुमारे दहा नंबरचा जाड चष्मा मिळे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या व जवळ भासत, बाजूचे नीट दिसत नसे आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा परावलंबी होई. मात्र पिशवीच शिल्लक नसल्याने जाळी धरण्याचा प्रश्न उद्‌भवत नसे.

दरम्यान इंग्लंडमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयत्न केला होता. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे तंत्र सुधारत गेले. पिशवीचा पुढील भाग गोलाकार उघडून आतील गढूळ भिंग काढायचे आणि उरलेल्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचे, ही पद्धत रूढ झाली. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू-अंधत्व नियंत्रण प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. शिबिरातील शस्त्रक्रियेकडून रुग्णालयातील शस्त्रक्रियेकडे आणि जाड चष्म्याकडून कृत्रिम भिंगाकडे झालेल्या वाटचालीला या प्रकल्पाने गती दिली.

जाळी हा या प्रगतीबरोबर आलेला प्रश्न आहे. जुन्या पिढीने तो पाहिलेला नाही आणि गावाच्या अनुभवात त्याला नाव नाही. साहजिकच लोक त्याला ओळखीचे नाव देतात आणि मोतीबिंदू परत आला असे समजतात.

जाळी कशी धरते?

शस्त्रक्रियेच्या वेळी भिंगाचा गढूळ भाग काढला, तरी पिशवीच्या कडेला काही सूक्ष्म पेशी उरतात. कितीही निष्णात शल्यचिकित्सकाला त्या पूर्णपणे काढता येत नाहीत. पुढे या पेशी वाढतात आणि पिशवीच्या मागील भिंतीवरून मध्याकडे सरकतात. कोठे त्यांचे मोत्यांच्या झुपक्यांसारखे पुंजके बनतात, तर कोठे तंतुमय होऊन त्या आवरणाला सुरकुत्या पाडतात. बाहुलीच्या अगदी मागे हा थर आला, की प्रकाश विखुरतो आणि दृष्टी मंदावते. यात शल्यचिकित्सकाची चूक नसते आणि रुग्णाने पथ्य मोडले असेही नसते.

याचे प्रमाण वय, भिंगाचा प्रकार आणि डोळ्यातील अन्य आजार यांवर अवलंबून असते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर एका वर्षात सुमारे १२ टक्के, तीन वर्षांत २१ टक्के आणि पाच वर्षांत २८ टक्के आढळले होते. त्यानंतर मागील कड चौकोनी असलेली भिंगे प्रचारात आली. या कडेमुळे पेशींना मध्याकडे सरकण्यास अडथळा होतो आणि जाळीचे प्रमाण कमी झाले. लहान मुलांच्या डोळ्यांत मात्र पेशींची वाढ जोमदार असल्याने मागील आवरण तसेच ठेवल्यास जाळी जवळजवळ हमखास धरते. म्हणून लहान मुलांच्या शस्त्रक्रियेतच बहुधा त्याची तजवीज करतात.

शस्त्रक्रियेनंतर नजर मंदावण्याचे कारण प्रत्येक वेळी जाळीच असते, असे मात्र नाही. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला झालेली इजा, काचबिंदू, दृष्टिपटलाच्या मध्यभागी वयोमानाने होणारी झीज किंवा चष्म्याचा बदललेला नंबर हीही कारणे असू शकतात. बाहुली थेंबांनी मोठी करून यंत्राखाली डोळा तपासल्याशिवाय निदान होत नाही.

लेसर नेमके काय करतो?

पूर्वी जाळी काढण्यासाठी डोळ्यात सूक्ष्म सुरी किंवा सुई घालून आवरण छेदावे लागे. १९८० च्या सुमारास पॅरिसमधील डॉ. दानिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथील डॉ. फ्रान्झ फांकहाउझर यांनी स्वतंत्रपणे लेसरच्या साहाय्याने हेच काम डोळा न उघडता करून दाखविले. यासाठी वापरला जाणारा लेसर ‘याग’ या नावाने ओळखला जातो. इट्रियम व ॲल्युमिनियम यांच्या कृत्रिम स्फटिकात निओडिमियम हे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळून तो मिळवतात.

या लेसरचा किरण डोळ्याला दिसत नाही. म्हणून नेम धरण्यासाठी त्याच्या जोडीला तांबडा प्रकाशबिंदू असतो. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच ऊर्जा एका सूक्ष्म बिंदूवर एकवटते. तेथे अतिशय छोटा स्फोट होऊन त्याच्या धक्क्याने आवरण फाटते. एका स्पंदाची ऊर्जा साधारणतः एक ते दोन मिलिज्यूल, म्हणजे अगदी किरकोळ असते. परंतु ती इतक्या अल्प जागेत व वेळेत सोडली जाते, की तिचा परिणाम सुरीसारखा होतो. असे काही स्पंद देऊन मध्यभागी सुमारे तीन-चार मिलिमीटरची खिडकी उघडतात. जाळी बाहेर काढली जात नाही. बाहुलीसमोरचा तेवढा भाग मोकळा होतो आणि त्याचे तुकडे मागच्या पोकळीत सरकतात.

रुग्णाला हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसवतात आणि डोळा बधिर करणारे थेंब घालतात. बहुधा डोळ्यावर एक विशेष भिंग टेकवले जाते. टकटक आवाज ऐकू येतो, प्रकाश चमकतो, परंतु वेदना सहसा होत नाही. काही मिनिटांत काम संपते. पट्टी बांधावी लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

‘पडद्याचा लेसर’ निराळा

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. लोकांच्या बोलण्यात ‘डोळ्याचा पडदा’ म्हणजे दृष्टिपटल. मधुमेहात दृष्टिपटलावर जो लेसर करतात, तो दुसऱ्या प्रकारचा असतो. तो उष्णतेने सूक्ष्म चटके देऊन रोग आवरतो आणि त्यासाठी अनेकदा दोन-तीन बैठका लागतात. जाळीसाठीचा याग लेसर भिंगामागील आवरणापुरता असतो आणि प्रौढ व्यक्तीला तो बहुधा एकदाच करावा लागतो. ‘डोळ्याला लेसर झाला आहे’ एवढेच सांगणारा रुग्ण पुढील तपासणीत डॉक्टरांची नकळत दिशाभूल करतो. कोणत्या डोळ्याला, कोणत्या तारखेला व कशासाठी लेसर झाला, हे कागदावर असावे.

पहिले काही तास

उपचारानंतर लगेच नजर धूसर असते. बाहुली मोठी केलेली असल्याने उजेड सहन होत नाही. हा परिणाम काही तासांत ओसरतो. त्यामुळे त्या दिवशी रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये आणि सोबत एक माणूस असावा.

याच वेळी एक न दिसणारा बदल संभवतो. डोळ्यात सतत तयार होणारा द्रव एका बारीक गाळणीतून बाहेर पडत असतो. आवरणाचे कण व दाहजन्य द्रव्ये त्या गाळणीत अडकली, तर डोळ्याच्या आतील दाब वाढतो. हा दाब बहुधा पहिल्या काही तासांत चढतो आणि पुष्कळदा एका दिवसात उतरतो. तो रोखण्यासाठी उपचाराच्या आधी किंवा नंतर थेंब घालतात. तथापि ज्यांना काचबिंदू आहे, त्यांच्या बाबतीत थोड्या वेळासाठी वाढलेला दाबही दृष्टिमज्जेला अपायकारक ठरू शकतो. अशा रुग्णाने आपला आजार व चालू औषधे आधीच सांगावीत आणि ‘थांबा, दाब मोजू’ असे सांगितले गेल्यास एस.टी. चुकेल म्हणून निघून जाऊ नये.

पुढचे दिवस व आठवडे

बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच फरक जाणवतो. रंग उजळ वाटतात, समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे कमी पसरतात, पायऱ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. त्याचबरोबर डोळ्यापुढे काळे ठिपके, माश्या किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तुकडे तरंगताना दिसू लागतात. हे आवरणाचे सुटे कण असतात. ते हळूहळू तळाशी बसतात किंवा विरघळतात आणि काही आठवड्यांत त्रास कमी होतो. ही स्थिती सामान्य होय.

डोळ्याच्या आत सौम्य दाह होऊ शकतो. त्यासाठी काही दिवसांपुरते थेंब देतात. ते सांगितले तितकेच दिवस घालावेत. दाह कमी करणाऱ्या या थेंबांपैकी काही मनाने चालू ठेवल्यास डोळ्याचा दाब वाढवतात. लेसरचा स्पंद कृत्रिम भिंगावर पडल्यास त्यावर सूक्ष्म खड्डा उमटतो, पण त्याने नजरेत सहसा बाधा येत नाही. चष्म्याचा नंबर बहुधा फारसा बदलत नाही. तरीही नवा चष्मा घाईने न करता काही आठवड्यांनी, डोळा स्थिरावल्यावर करावा.

थोड्या रुग्णांत दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला सूज येते. आधी स्पष्ट झालेली नजर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा मंद होते, सरळ रेघा वाकड्या दिसतात. औषधोपचाराने ही सूज बहुधा उतरते, मात्र त्यासाठी ती वेळीच लक्षात आली पाहिजे.

पुढचे महिने आणि वर्षे

भिंगामागील मोठी पोकळी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारख्या पारदर्शक काचरसाने भरलेली असते. पिशवीची मागील भिंत शाबूत असते, तोवर ती त्याच्यापुढे बांधासारखी उभी असते. खिडकी उघडल्यावर काचरसाला पुढे सरकण्यास वाव मिळतो. तो जेथे दृष्टिपटलाला घट्ट चिकटलेला असतो, तेथे ताण पडून दृष्टिपटलाला छिद्र पडू शकते. त्या छिद्रातून द्रव शिरून दृष्टिपटल भिंतीपासून सुटू लागते.

हा धोका अल्प आहे. बहुतेक पाहण्यांत त्याचे प्रमाण शेकडा दोनपेक्षा कमी आढळते, आणि त्यातील काही भाग मूळ मोतीबिंदू शस्त्रक्रियेमुळेही असतो. ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्या ऋण नंबरचा चष्मा होता, जे वयाने तुलनेने तरुण आहेत किंवा ज्यांच्या दुसऱ्या डोळ्याचे दृष्टिपटल सुटले आहे, त्यांनी अधिक दक्ष राहावे. हा त्रास काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही उद्‌भवतो, म्हणूनच त्याचा लेसरशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुढील लक्षणे दिसताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे :

१. काळ्या ठिपक्यांचा एकाएकी सडा पडल्यासारखे दिसणे, किंवा कमी झालेले ठिपके अचानक पुष्कळ वाढणे.
२. अंधारातही डोळ्याच्या कडेला वीज चमकल्याचा भास होणे.
३. एका बाजूने काळा पडदा ओढला जात असल्यासारखे वाटणे.
४. डोळा लाल होऊन ठणकणे, डोके दुखणे, मळमळणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे.
५. सुधारलेली नजर पुन्हा एकाएकी कमी होणे.

यांपैकी पहिली तीन लक्षणे वेदनारहित असतात. दुखत नाही म्हणून थांबणे, हीच येथे सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मध्यबिंदू सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर चांगली नजर टिकण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

उपचार कोणी लांबणीवर टाकावा?

जाळी दिसली म्हणजे लेसर केलाच पाहिजे, असे नाही. दैनंदिन व्यवहारात अडचण नसेल, तर थांबता येते. मूळ शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डोळा स्थिर होईपर्यंत, साधारणपणे काही महिने, वाट पाहतात. डोळ्यात तीव्र दाह असेल, तर तो आधी आवरावा लागतो. ज्याचा पुढचा पारदर्शक भाग पांढुरका झाला आहे किंवा ज्याला यंत्रासमोर स्थिर बसता येत नाही, त्याच्याबाबत नेत्रतज्ज्ञाला निराळा विचार करावा लागतो. दृष्टिपटल किंवा दृष्टिमज्जाच निकामी झाली असेल, तर लेसरने नजर परत येणार नाही, हे आधी स्पष्ट सांगणे रुग्णाच्या हिताचे असते.

गावपातळीवर करावयाचे काम

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आढळले. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. शस्त्रक्रियांची संख्या वाढविणे अगत्याचे आहेच. तथापि शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा अंधुक नजरेने घरात बसला, तर शासनाचा खर्च, डॉक्टरांचे श्रम आणि त्या माणसाने दाखविलेले धैर्य ही तिन्ही वाया जातात.

ग्रामपंचायतीने आशा कार्यकर्तीच्या मदतीने गावातील शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींची यादी ठेवावी. त्यात नाव, डोळा व तारीख एवढ्याच नोंदी पुरेशा आहेत. वर्षातून एकदा प्रत्येकाची नजर एकेक डोळा झाकून पाहावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकतो आणि कित्येकांना एका डोळ्याने दिसेनासे झाल्याचे कळतही नाही. शाळेच्या भिंतीवर दृष्टितक्ता असेल, तर शिक्षकांना ही चाचणी सहज घेता येईल. तक्ता नसेल, तर ठरावीक अंतरावरून बोटे मोजावयास सांगणे किंवा दिनदर्शिकेवरील आकडे वाचावयास लावणे, हेही उपयोगी पडते. फरक आढळलेल्यांना ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे पाठवावे.

लेसर यंत्र प्रत्येक रुग्णालयात नसते. म्हणून वृद्धांना घेऊन निघण्यापूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी : यंत्र आहे काय, ते चालू आहे काय, आणि त्या दिवशी नेत्रतज्ज्ञ उपस्थित असतात काय. चार-पाच रुग्ण असल्यास एकाच वाहनाची सोय करता येते. जाताना शस्त्रक्रियेचे कार्ड, चालू औषधे आणि मधुमेह-रक्तदाबाच्या तपासण्यांचे कागद बरोबर असावेत. परतल्यानंतर मध, एरंडेल किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू दिला जाऊ नये. फेरतपासणीची तारीख घरातील एका जाणत्या माणसाने लक्षात ठेवावी. वर दिलेली पाच लक्षणे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवली, तर त्याला खर्च काहीच येणार नाही.

अंधुक दिसू लागलेल्या वृद्धाला ‘वय झाले, चालायचेच’ असे सांगण्याऐवजी त्याचा एक डोळा झाकून दुसऱ्याने काय दिसते ते विचारावे. जाळी असेल तर ती काही मिनिटांत दूर होईल. त्यानंतर तोच वृद्ध एखाद्या दिवशी ‘डोळ्यापुढे वीज चमकते’ असे म्हणाला, तर उद्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.